प्रसूतिगृहातील संबोधन : गरोदर स्त्रिया आणि पालकांशी कसे बोलावे?

प्रतिनिधी, छत्रपती संभाजीनगर

सकाळी दहाच्या सुमारास कोणत्याही मोठ्या प्रसूतिगृहाच्या बाह्यरुग्ण विभागात डोकावले, तर चित्र साधारण सारखेच दिसते. बाकांवर दाटीवाटीने बसलेल्या स्त्रिया, हातात केसपेपर, शेजारी आई किंवा सासू. आतून पुकारा होतो, ‘पुढची कोण?’ एक जण उठते. ‘हिला कितवा महिना?’ हा प्रश्न सासूला विचारला जातो आणि उत्तरही सासूच देते. तपासणी होते, गोळ्या लिहून दिल्या जातात आणि जिच्या पोटात बाळ आहे ती एक शब्दही न बोलता बाहेर पडते. आठवडाभर डोके ठणकते आहे, मधूनच डोळ्यांपुढे अंधारी येते, हे सांगायचे राहूनच जाते.

न थांबणारी डोकेदुखी, दृष्टी अंधुक होणे, चेहऱ्यावर व हातांवर अचानक सूज येणे ही गरोदरपणातील वाढत्या रक्तदाबाची लक्षणे असू शकतात. वेळीच उपचार न झाल्यास झटके येऊन आई आणि बाळ दोघांच्याही जिवावर बेतू शकते. रक्तदाब यंत्रावर कळतो. डोकेदुखी आणि अंधारी मात्र रुग्णाने सांगितल्यावाचून कळत नाही. गरोदर स्त्रीला कसे संबोधावे हा प्रश्न म्हणूनच केवळ शिष्टाचाराचा राहत नाही. जिला बोलते केले जाते तीच आपला त्रास सांगते. डॉक्टर, परिचारिका, आशा कार्यकर्ती, अंगणवाडी सेविका आणि शिक्षक या सर्वांच्या कामाचा तो भाग आहे.

तू, तुम्ही आणि नाव

इंग्रजीत समोरच्याला संबोधण्यास एकच सर्वनाम पुरते. मराठीत ‘तू’, ‘तुम्ही’ आणि ‘आपण’ असे तीन पर्याय आहेत आणि त्यांतील निवडीतून माणसाचा दर्जा ठरतो. सुखवस्तू घरातील गरोदर स्त्रीला ‘तुम्ही’ आणि ऊसतोडीला जाणाऱ्या स्त्रीला ‘तू’, असा भेद एकाच टेबलावर घडत असेल, तर तो दोघींच्याही लक्षात येतो. ‘तू’ प्रत्येक वेळी अपमानाचे असते असे नाही. मराठवाड्यातील वयस्क परिचारिका ‘घाबरू नको माय, मी हाय इथं’ असे म्हणते, तेव्हा त्या ‘तू’मध्ये माया असते. पण ही जवळीक परिचयानंतरची. पहिल्या भेटीत ‘तुम्ही’ हेच सुरक्षित संबोधन होय.

त्यानंतर येते नाव. ‘तीन नंबरचा बेड’, ‘सिझरची केस’, ‘ती रक्त कमी असलेली’ ही कर्मचाऱ्यांच्या आपसातील भाषा रुग्णाच्या कानावर पडता कामा नये. केसपेपरवर नाव लिहिलेले असतेच. ‘सुनीताताई, बसा’ म्हणायला दोन सेकंदही लागत नाहीत. नाव उच्चारण्यात रुग्णसुरक्षेचाही भाग आहे. एकाच आडनावाच्या दोन स्त्रिया एका कक्षात असताना नाव विचारून खात्री केली, तर एकीचे इंजेक्शन दुसरीला जाण्याची चूक टळते.

छत्रपती संभाजीनगर हे अनेक भाषांचे शहर आहे. शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालय १९५६ साली सुरू झाले. शहर त्याला ‘घाटी’ म्हणते. मराठवाड्यासोबतच शेजारच्या जिल्ह्यांतूनही तेथे रुग्ण येतात. शहराच्या जुन्या भागातील अनेक घरांत दखनी वळणाची उर्दू बोलली जाते. तेथील स्त्रीला ‘बाजी’ किंवा ‘आपा’ ही हाक आपलीशी वाटते. कन्नड, सोयगावकडील तांड्यांवरून येणाऱ्या बंजारा स्त्रीची बोली गोरमाटी आहे. प्रत्येक डॉक्टरला या सर्व बोली याव्यात अशी अपेक्षा कोणी करणार नाही. ‘तुम्हाला काय म्हणून हाक मारू?’ एवढा एक प्रश्न मात्र कोणत्याही भाषेत विचारता येतो. भाषा समजत नसेल, तर दुभाषी म्हणून दर वेळी सासूला किंवा पतीला उभे करू नये. घरातील मारहाण, उपासमार किंवा आधीचा गर्भपात या गोष्टी त्यांच्यासमोर सांगितल्या जाणे कठीण असते. कक्षातील दुसऱ्या परिचारिकेची किंवा सेविकेची मदत घेणे अधिक योग्य.

पुण्यातील ती सूचना

गरोदर स्त्रीला उद्देशून आदराने लिहिलेल्या मजकुराचे एक जुने उदाहरण महाराष्ट्रात आहे. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८६३ साली पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केले. विधवेला दिवस गेले की तिच्यापुढे आत्महत्या, भ्रूणहत्या किंवा काशीची वाट एवढेच मार्ग उरत, असा तो काळ. फुल्यांनी गावात सूचना लावल्या. त्यांचा आशय असा होता, की विधवांनी येथे येऊन सुरक्षितपणे बाळंत व्हावे, त्यांचे नाव गुप्त राहील आणि मूल न्यावे की ठेवावे हे त्यांच्याच मर्जीवर असेल. त्या सूचनेत दोष देणारा शब्द नव्हता. गुप्ततेची हमी होती आणि निर्णय स्त्रीकडे सोपवलेला होता. याच गृहात जन्मलेल्या यशवंत या मुलाला फुले दाम्पत्याने दत्तक घेतले. पुढे तो डॉक्टर झाला.

त्यानंतर दोन दशकांनी, १८८३ साली, आनंदीबाई जोशी यांनी बंगालमधील श्रीरामपूर येथे भाषण करून आपण वैद्यकीय शिक्षणासाठी अमेरिकेला का जात आहोत हे सांगितले. पुरुष डॉक्टरांपुढे स्त्रिया आपली दुखणी सांगू शकत नाहीत, म्हणून स्त्री डॉक्टरांची गरज आहे, हे त्यांचे एक प्रमुख कारण होते. चौदाव्या वर्षी आई झालेल्या आनंदीबाईंचे बाळ अवघ्या दहा दिवसांत दगावले होते. रुग्णाला बोलता येणे ही उपचाराची पहिली पायरी आहे, हे महाराष्ट्राला तेव्हापासून ठाऊक आहे.

कळांच्या वेळी

सर्वाधिक कठोर शब्द उच्चारले जातात ते प्रसूतिकक्षात. ‘तेव्हा बरे वाटले, आता कशाला ओरडतेस?’ अशा आशयाची वाक्ये देशभरातील अनेक स्त्रियांनी संशोधकांना सांगितली आहेत. मराठी घरांतही बाळंतपणाच्या आठवणींत ती ऐकू येतात. हा प्रकार केवळ भारतातला नाही. ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात घाना, गिनी, नायजेरिया आणि म्यानमार येथील प्रसूतींचे प्रत्यक्ष निरीक्षण करण्यात आले. २,०१६ स्त्रियांपैकी ८३८ जणींना शारीरिक किंवा शाब्दिक दुर्व्यवहार अथवा भेदभाव सहन करावा लागला. प्रसूतीपूर्वीचा अर्धा तास आणि नंतरची पंधरा मिनिटे या काळात दुर्व्यवहाराचे प्रमाण सर्वाधिक होते. वयाने लहान आणि कमी शिकलेल्या स्त्रियांच्या वाट्याला तो अधिक आला.

ही शेवटची बाब मराठवाड्याने विशेष लक्षात घ्यावी अशी आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ मधील पाचव्या फेरीनुसार, राज्यात २० ते २४ वयोगटातील २१.९ टक्के स्त्रियांचा विवाह अठराव्या वर्षापूर्वी झाला होता. परभणी आणि बीड जिल्ह्यांत हे प्रमाण ४० टक्क्यांहून अधिक होते. अशा मुलींपैकी अनेक जणी कोवळ्या वयातच प्रसूतिकक्षात येतात. ज्या मुलीला घरी कोणी विचारले नाही, तिला येथे तरी रागावले जाऊ नये.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१४ साली निवेदन काढून प्रसूतीदरम्यानचा अनादर व दुर्व्यवहार थांबवण्याचे आवाहन केले. २०१८ च्या शिफारशींत आदरपूर्वक काळजी, परिणामकारक संवाद आणि स्त्रीच्या पसंतीचा सोबती या गोष्टींचा समावेश झाला. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०१६ मध्ये सरकारी रुग्णालयांत प्रसूतीच्या वेळी नात्यातील एका स्त्रीस सोबत राहू देण्याचे मार्गदर्शन केले होते. डिसेंबर २०१७ मध्ये सुरू झालेला ‘लक्ष्य’ उपक्रम प्रसूतिकक्षाच्या दर्जासाठी आहे आणि त्यात खासगीपणा व सन्मानपूर्वक वागणूक अपेक्षित आहे. ऑक्टोबर २०१९ मध्ये आलेल्या ‘सुमन’, म्हणजे सुरक्षित मातृत्व आश्वासन योजनेत सेवा नाकारली जाणार नाही आणि सन्मानाने दिली जाईल, असे आश्वासन आहे.

प्रत्यक्षात याचा अर्थ काय? हात लावण्यापूर्वी सांगावे : ‘आता मी आतून तपासणार आहे, थोडा त्रास होईल, लांब श्वास घ्या.’ पडदा ओढावा. ‘जोर लाव, नाहीतर बाळ मरेल’ अशी भीती घालण्याऐवजी ‘कळ आली की जोर द्या, कळ गेली की विसावा घ्या’ असे सांगावे. भेदरलेली स्त्री सूचना ऐकू शकत नाही. शांत आवाजातील छोटे वाक्य तिला कळते.

संमती कोणाची?

आपल्याकडे पहिले बाळंतपण माहेरी करण्याची रीत आहे. पती पुण्याला किंवा वाळूजच्या कारखान्यात कामावर, सोबत आई आणि भाऊ. शस्त्रक्रियेची वेळ आली की ‘नवऱ्याला बोलवा, सही हवी’ असा घोष सुरू होतो. नातेवाइकांना विश्वासात घेणे योग्यच आहे. तथापि सज्ञान आणि शुद्धीवर असलेल्या स्त्रीची संमती तिची स्वतःची असते. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २००८ मधील एका निकालात हे स्पष्ट केले. तातडीचा धोका नसताना, सज्ञान स्त्री भुलीखाली असताना, तिच्या आईची संमती घेऊन केलेली शस्त्रक्रिया न्यायालयाने अनधिकृत ठरवली. म्हणून सही घेताना कागद प्रथम स्त्रीच्या हाती द्यावा. शस्त्रक्रिया का करावी लागत आहे, न केल्यास काय होईल आणि दुसरा मार्ग आहे का, हे तिच्या भाषेत सांगावे.

गर्भपाताबाबतही हेच लागू आहे. वैद्यकीय गर्भपात कायद्यानुसार सज्ञान स्त्रीची संमती पुरेशी असते. पतीची लागत नाही. २०२१ च्या दुरुस्तीने गर्भनिरोधक साधन अयशस्वी ठरल्याच्या तरतुदीतील ‘विवाहित स्त्री किंवा तिचा पती’ ही शब्दयोजना बदलून ‘कोणतीही स्त्री किंवा तिचा जोडीदार’ अशी केली आणि रुग्णाची ओळख उघड करणे दंडनीय ठरवले. सप्टेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अविवाहित स्त्रियांनाही २० ते २४ आठवड्यांच्या गर्भपाताबाबत समान हक्क असल्याचा निकाल दिला. तेव्हा गळ्यात मंगळसूत्र नाही म्हणून भर बाह्यरुग्ण विभागात ‘मिस्टर कुठे आहेत?’ असे विचारण्याची गरज नाही. ‘तुमच्यासोबत कोणी आले आहे का?’ हा प्रश्न पुरेसा आहे.

मुलगा की मुलगी?

एक गोष्ट व्यावसायिकाने बोलू नये असे कायदाच सांगतो. गर्भलिंग निदान प्रतिबंधक कायदा १९९४ चा. त्यानुसार गर्भाचे लिंग शब्दांनी, खुणांनी किंवा अन्य कोणत्याही प्रकारे सांगणे हा गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्यास तीन वर्षांपर्यंत कारावास आणि दहा हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. ‘पेढे तयार ठेवा’ किंवा ‘लक्ष्मी येणार’ असा विनोदही या कक्षेत येऊ शकतो. मराठी समाजात मुलाला पेढे आणि मुलीला जिलेबी किंवा बर्फी वाटण्याची रीत सर्वांना ठाऊक असल्याने सांकेतिक शब्द कळायला वेळ लागत नाही.

जन्मानंतरही सुराचे भान हवे. ‘मुलगा झाला!’ हे उंच स्वरात आणि ‘मुलगी आहे’ हे खाली मान घालून सांगितले, तर आईला पहिल्याच क्षणी निकाल ऐकवल्यासारखे होते. ‘अभिनंदन, तुमचे बाळ रडले, वजन दोन किलो आठशे ग्रॅम आहे’ अशी बाळाच्या प्रकृतीने सुरुवात करावी. ‘दुसरीही मुलगीच का?’ हा प्रश्न कोणीही विचारू नये.

वाईट बातमी

सर्वांत अवघड प्रसंग बाळ दगावल्याचा. मराठीत ‘गर्भपात’ हा एकच शब्द आपोआप गर्भ पडण्यासही वापरतात आणि करवून घेतलेल्या गर्भपातासही. हवेहवेसे बाळ गमावलेल्या स्त्रीच्या कागदावर तो शब्द दिसला, तर तिला आरोप झाल्यासारखे वाटते. ‘गर्भ टिकला नाही, यात तुमचा दोष नाही’ असे स्पष्ट सांगावे. सुरुवातीच्या महिन्यांतील अनेक गर्भ गुणसूत्रांतील दोषामुळे टिकत नाहीत. जिना चढल्याने किंवा पपई खाल्ल्याने असे झाले, या समजुतीचे ओझे त्या स्त्रीवर राहू देऊ नये.

मृत बाळ जन्मल्यास बातमी प्रथम आईला, शक्यतो तिच्या माणसासोबत, बसून आणि आडोशाला सांगावी. ‘पुढच्या वर्षी होईल’, ‘एक आहे ना घरी’, ‘देवाची मर्जी’ ही वाक्ये सांत्वनाची वाटतात, परंतु तिच्या दुःखाला जागा देत नाहीत. ‘तुमचे बाळ वाचले नाही. मला फार वाईट वाटते. तुम्हाला बाळाला पाहायचे आहे का?’ एवढे पुरे. त्यानंतरची एक गोष्ट हमखास सांगायची राहते : दोन-चार दिवसांत तिला दूध उतरू शकते. त्याची कल्पना आधी दिली नाही, तर घरी गेल्यावर ती अवस्था असह्य होते. शक्य असल्यास तिची खाट तान्ही बाळे असलेल्या ओळीत ठेवू नये.

बाळाचे पालक

नवजात शिशू अतिदक्षता कक्षाबाहेर बसलेल्या पालकांना ‘बाळ क्रिटिकल आहे’ हे वाक्य रोज ऐकू येते. त्यातून काहीच कळत नाही. काल काय होते, आज काय आहे आणि उद्या काय पाहायचे, अशी तीन वाक्यांत माहिती द्यावी. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०१७ साली कुटुंबसहभागी काळजीची मार्गदर्शक तत्त्वे काढली असून, त्यानुसार पालकांना प्रशिक्षण देऊन आजारी नवजात बाळाच्या काळजीत सामील करून घेणे अपेक्षित आहे. कमी वजनाच्या बाळाला छातीशी धरून ऊब देण्याच्या कांगारू पद्धतीत वडीलही भाग घेऊ शकतात. ‘बाहेर थांबा’ ऐवजी ‘हात धुऊन आत या, बाळाला कसे धरायचे ते दाखवते’ असे म्हटले, की वडील पालक म्हणून आत येतात.

अंगणवाडीत वजनाचा तक्ता दाखवताना ‘तुमचे पोर कुपोषित आहे’ असा शिक्का मारण्याऐवजी ‘मागच्या महिन्यापासून वजन वाढलेले नाही, काय खाते ते पाहू या’ असे म्हणावे. पहिले वाक्य ऐकलेली आई पुढच्या महिन्यात वजन करायला येईलच असे नाही.

शाळेच्या दारातही पालकांचे संबोधन सुरूच राहते. शिक्षणहक्क कायदा २००९ नुसार प्रवेशासाठी मुलाची किंवा पालकांची मुलाखत घेणे निषिद्ध आहे. पहिल्या उल्लंघनास २५ हजार आणि पुढील प्रत्येक उल्लंघनास ५० हजार रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. त्याच कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्यात असे ठरवले आहे. मुलाच्या चुका सर्वांदेखत वाचून दाखवल्या, तर असे पालक सभेस पुन्हा येत नाहीत.

वडिलांचे नाव विचारतानाही काळजी घ्यावी. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०१५ मध्ये अविवाहित आईला वडिलांचे नाव उघड करण्यास भाग न पाडता पालकत्व मिळू शकते, असा निकाल दिला. राज्य मंत्रिमंडळाच्या मार्च २०२४ मधील निर्णयानुसार, १ मे २०२४ किंवा त्यानंतर जन्मलेल्यांच्या शासकीय कागदपत्रांत मुलाचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव असा क्रम आहे. अर्जावर आईचे नाव आले. बोलण्यातही ते यायला हवे.

कर्मचाऱ्यांची बाजू

हे सारे सांगताना प्रसूतिकक्षातील परिचारिकेचीही बाजू ऐकली पाहिजे. एका पाळीत अनेक प्रसूती, जागेची टंचाई, रात्रीची जागरणे आणि बाहेर नातेवाइकांचा जमाव. रुग्णालयांतील हल्ले रोखण्यासाठी राज्याला २०१० साली स्वतंत्र कायदा करावा लागला. थकलेल्या माणसाच्या तोंडून कठोर शब्द जातो, हे खरे आहे. मात्र बरेच तंटे माहिती न मिळाल्याने पेटतात. दर काही तासांनी कोणीतरी बाहेर येऊन दोन वाक्ये सांगितली, तर जमावाचा पारा उतरतो. म्हणून हा प्रश्न केवळ एका परिचारिकेच्या स्वभावावर सोडून चालणार नाही. पुरेसे मनुष्यबळ आणि पडदे देणे हे व्यवस्थापनाचे काम आहे. वैद्यकीय शिक्षणात २०१९ पासून संवाद व नीतिमूल्ये हा विषय अभ्यासक्रमाचा भाग झाला आहे. विद्यार्थी मात्र पुस्तकापेक्षा आपल्या वरिष्ठांचे बोलणे ऐकून शिकतो.

थोडक्यात

* आपले नाव व काम सांगा, तिचे नाव विचारा. पहिल्या भेटीत ‘तुम्ही’ म्हणा.
* प्रश्न आधी स्त्रीला, नंतर नातेवाइकांना विचारा. काही मिनिटे तिच्याशी एकटीशी बोला.
* तपासणीपूर्वी काय करणार ते सांगा आणि परवानगी घ्या.
* ‘वांझ’, ‘अडाणी’, ‘एवढी मुले कशाला?’ असे शब्द टाळा.
* सांगितलेले कळले का, हे ‘कळले ना?’ असे विचारून समजत नाही. ‘घरी गेल्यावर गोळी कशी घ्याल, ते मला सांगा’ असे म्हणा.
* धोक्याची लक्षणे सांगूनच घरी पाठवा : रक्तस्राव, झटके, तीव्र डोकेदुखी, ताप, बाळाची हालचाल कमी होणे.
* शेवटी विचारा : ‘अजून काही सांगायचे राहिले आहे का?’

कुटुंबीयांनीही आपले काम ओळखावे. डॉक्टरांनी प्रश्न सुनेला विचारला असेल, तर उत्तर सुनेला देऊ द्यावे. बाह्यरुग्ण विभागात तिच्या वाट्याला मोजकी मिनिटे येतात. तेवढ्यात तिने ‘रात्री डोके दुखते’ एवढे जरी सांगितले, तरी पुढचा उपचार वेळेवर सुरू होऊ शकतो.